धक्क्याला भरलेला सिलिंडर

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरली होती त्या आठवड्यात बोटीवरच्या कॉम्प्रेसरचा पाइप उंदरांनी कुरतडला. भाविकने तो हातात धरून पाहिला, खराब झालेलं टोक कापून टाकलं आणि स्वरूपला फोन केला. स्वरूप म्हणाला, "उद्याच कल्याणला जा आणि नवीन घेऊन ये. त्यात चालढकल नको."

स्वरूप मूळ डोंबिवलीचा. सिद्धगडाच्या अंगाला एका धरणाच्या फुगवट्यावर त्याने डायव्हिंग शिकवायचं केंद्र काढलं होतं. समुद्रात उतरायच्या आधी मुंबई-ठाण्याची माणसं इथे गोड्या पाण्यात सराव करून जायची. हिवाळ्यात पाणी निवळलं की तळाचे दगड दिसायचे. बोट चालवायला वैशाखरे गावचा भाविक होता आणि पाहुण्यांना हाताला धरून पाण्याखाली न्यायला जाणू. जाणू धरणाच्या काठावरच्या कातकरीवाडीतला. लहानपणापासून मासे पकडत पाण्यात वाढलेला. स्वरूपने त्याला गोव्याला पाठवून रीतसर शिकवून आणलं होतं. चार हिवाळे भाविक आणि जाणू एकाच बोटीवर होते, एकाच डब्यातलं खात होते.

बोटीचे काही नियम होते आणि ते भाविकला पाठ होते. पाण्यात माणूस असेपर्यंत इंजिनाची किल्ली गळ्यात अडकवायची, म्हणजे चुकूनही पंखा फिरणार नाही. लाल-पांढरं निशाण चढवल्याशिवाय कुणाला उतरू द्यायचं नाही. आणि हवेचा नियम सगळ्यांत कडक. कॉम्प्रेसर बोटीच्या मागच्या टोकाला होता. तो पेट्रोलवर चालायचा, बाहेरची हवा ओढून सिलिंडरमध्ये दाबायचा आणि स्वतः धूर सोडायचा. तो धूर पाइपात शिरला तर सिलिंडरमध्ये जाणार, तिथून पाण्याखालच्या माणसाच्या छातीत. म्हणून हवा ओढायचा पाइप पुढच्या टोकाला बांबूवर उंच बांधायचा आणि बोट पाण्यात मधोमध नांगरूनच सिलिंडर भरायचे. नांगरावरची बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, धूर मागे निघून जातो. धक्क्याला बांधलेली बोट वळत नाही.

दुसऱ्या दिवशी भाविक कल्याणला जायला निघालाही होता. पण बायकोने मुलीला नवा फ्रॉक घालून तयार ठेवलं होतं. "जत्रा एवढी जवळ नि पोरीने बैलबाजार अजून बगितला नाय," ती म्हणाली. दुपारपर्यंत जत्रा करू, मग कल्याण, असं त्याने ठरवलं. मुलीला खांद्यावर घेऊन तो बैलांच्या रांगांमधून हिंडला, घोंगड्या पाहिल्या, पाळण्यात बसवलं. परत आले तेव्हा दिवस मावळत होता. पाइप राहिला.

पुढच्या सकाळी ठाण्याहून पाच-सहा जणांची टोळी आली. एक सिलिंडर कमी पडत होता. पाहुणे धक्क्यावर फोटो काढत उभे होते, स्वरूप पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. नांगरायला मधोमध जाऊन परत येण्यात वेळ गेला असता. कापलेला पाइप बांबूच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता. भाविकने तो कठड्याला गुंडाळला आणि धक्क्यालाच कॉम्प्रेसर चालू केला. वारा कुठून आहे हे त्याने पाहिलं. मागून पुढे होता. त्याला ते कळलं, आणि एकाच सिलिंडरचा तर प्रश्न आहे, असं म्हणून त्याने भरणं चालूच ठेवलं.

तो सिलिंडर जाणूच्या पाठीवर गेला.

बोट मधोमध आली. निशाण चढलं. जाणूने रेग्युलेटर तोंडात धरून दोन श्वास घेतले, जसा तो नेहमी घ्यायचा, आणि तोंडातून काढला.

"भाविकदादा, हवा कडू लागते रे."

भाविकला धक्क्यावरचा धूर आठवला. पण पाहुणे ऐकत होते, स्वरूप ऐकत होता. भाविक हसून म्हणाला, "काल मेव्हण्याकडं हळद होती ना? तोंड कडू पडलं असेल तुझं. उतर आता."

सगळे हसले. जाणूही लाजून हसला. हळदीत त्याने दोन पेले घेतले होते हे खरं होतं. त्याने रेग्युलेटर पुन्हा तोंडात धरला, किशोर नावाच्या पाहुण्याचा हात धरला आणि दोघं खाली गेले.

भाविक बुडबुडे बघत उभा राहिला. थोड्या वेळाने बुडबुड्यांच्या दोन वाटा एकमेकींपासून लांब जायला लागल्या. तसं कधी व्हायचं नाही. जाणू पाहुण्याचा हात सोडायचा नाही. मग किशोर एकटाच वर आला, घाबरून ओरडत, कान धरून. "तो मला सोडून गेला! मी खुणा करत होतो, तो नुसता हसत होता!"

जाणू बऱ्याच अंतरावर वर आला. शिडीच्या दिशेने येताना त्याचे हात कुठेही पडत होते. शिडीचा दांडा त्याला धरता येईना. भाविकने किल्ली गळ्यात आहे ना हे चाचपलं आणि उडी मारली. त्याने जाणूला मागून काखेत धरलं, स्वरूपने वरून ओढलं. फळ्यांवर येताच जाणू ओकला, काहीतरी बडबडला आणि डोळे मिटून पडला.

आजारी माणसासाठी बोटीवर शुद्ध ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर असायचा. भाविकने त्याचा मुखवटा जाणूच्या तोंडावर लावला. तोवर स्वरूपने जाणूच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं होतं.

"नव्व्याण्णव दाखवतंय," तो म्हणाला. "ऑक्सिजन उत्तम आहे. काढ तो मुखवटा. हे सगळं दारूचं आहे. रात्रभर प्यायलाय आणि माझ्या पाहुण्याला घेऊन खाली गेलाय!"

धुराचं विष रक्तात गेलं तर ते यंत्र फसतं, आकडा चांगलाच दाखवतं, हे भाविकला ठाऊक होतं. शिकवणीत त्याला सांगितलं होतं: आकडा बघू नका, ऑक्सिजन लावून ठेवा. हे त्याच्या जिभेवर आलं. पण ते बोलायचं म्हणजे धूर कुठून आला हेही बोलावं लागणार होतं.

त्याने मुखवटा काढला.

स्वरूपने जाणूला जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं. पाहुणे त्यांच्या गाड्यांनी निघून गेले. भाविक बोटीवर एकटा उरला. जाणूच्या पाठीवरचा सिलिंडर फळ्यांवर आडवा पडला होता, अजून अर्धा भरलेला. भाविकने त्याची तोटी सैल केली आणि तिथे नाक नेलं. रस्त्यावर ट्रकच्या मागे उभं राहिलं की जसा वास येतो तसा वास आला. मग त्याने तोटी पूर्ण उघडली. हवा फुसफुसत बाहेर पडत राहिली. तो सिलिंडरवर हात ठेवून बसला होता. धातू गार पडत गेला. आवाज थांबेपर्यंत तो तिथून उठला नाही.

त्याच संध्याकाळी तो कल्याणला जाऊन नवा पाइप घेऊन आला.

मुरबाडच्या डॉक्टरांना स्वरूपने जे सांगितलं तेच त्यांनी धरलं. सलाइन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. जाणू वाचला. पण डोकं दुखायचं थांबेना, बोलता बोलता शब्द सापडेनात. स्वरूपने त्याला पुन्हा बोटीवर घेतलं नाही. किशोरने इंटरनेटवर सगळं लिहिलं होतं, दारूडा माणूस, जीव जाता जाता वाचला वगैरे. स्वरूपने त्याखाली माफी मागितली आणि लिहिलं की त्या कर्मचाऱ्याला आम्ही काढून टाकलं आहे.

आठवडाभराने भाविक वाडीवर गेला. जाऊ नये असं वाटत होतं, आणि न जाणंही जमत नव्हतं. जाणू कुडाच्या भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको यमू चुलीपाशी होती. भाविकला बघताच ती उठली, तिने त्याला बसायला पोतं अंथरलं.

"तुमी वढला म्हणून हा आज दिसतोय," ती म्हणाली. "नायतर आमचं काय व्हतं?"

भाविक पोत्यावर बसला.

"खाली काय झालं तेच आठवत नाय मला," जाणू हळूहळू म्हणाला. "तो पोरगा... त्याला मी सोडला म्हणतात. सोडला का रे मी?"

"तो बरा आहे. कान दुखला थोडा."

"मेला असता तो. माझ्या हातानं मेला असता." जाणूने कपाळ दाबून धरलं. "मी दोनच पेले घेतले व्हते, दादा. दोन पेल्यांनी असं व्हतं का? महिपतनं त्यात काय तरी घातलं असणार."

महिपत म्हणजे यमूचा सख्खा भाऊ. त्याच्याच मुलीची हळद होती.

"घातलंच," यमू म्हणाली. "मी त्याला दारात जाऊन बोलले. तू माझ्या नवऱ्याला इख पाजलंस, आता माझं माहेर संपलं. वाडीतले बी त्याच्याकडं जात नायत आता. तिसऱ्या दिसाला पोरीचं लगीन व्हतं, त्याला अर्धी वाडी गेली नाय. मी पण नाय गेले. हळद लावली व्हती मी तिला या हातांनी."

ती हे सांगताना रडत नव्हती. भाकरी थापत होती. भाविकला तोंड उघडायचं होतं. त्याने उघडलंही, आणि म्हणाला, "औषधं घेतोस ना वेळेवर?"

परतताना तो मध्येच मोटारसायकल थांबवून रस्त्याच्या कडेला बसला. आपण गप्प राहिलो तर फक्त आपली चूक झाकली जाईल असं त्याला वाटलं होतं. पण ती चूक आता दुसऱ्यांच्या घरात शिरून बसली होती. ज्या माणसाला त्याने धड पाहिलंही नव्हतं, त्याच्या मुलीचं लग्न त्या चुकीने ओस पाडलं होतं.

त्यानंतर बोटीवर त्याचा स्वतःच्या हातांवर भरवसा राहिला नाही. सिलिंडर भरताना तो पाइप चढवायचा, उतरवून तपासायचा, पुन्हा चढवायचा. भरलेला प्रत्येक सिलिंडर उघडून वास घ्यायचा. पाहुणे चेष्टा करायचे. नवा आलेला डायव्हर पाण्याखाली गेला की भाविकला बुडबुड्यांवरून नजर काढता येत नसे. "काय झालंय तुला?" स्वरूपने एकदा विचारलं. तेव्हा दोघंच होते. भाविकने सांगून टाकलं. पाइप, जत्रा, धक्का, वारा, मुखवटा, रिकामा केलेला सिलिंडर, सगळं.

स्वरूपने आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बोललास?"

"नाय."

"मग बोलूही नकोस. पोलिस येतील, केंद्राला टाळं लागेल. तुझं घर कसं चालणार? जाणूला पावसाळ्यानंतर मी परत घेतो. झालं गेलं सगळे विसरतील."

"तो विसरत नाय, सर. तो स्वतःला खुनी समजतोय."

"मी सांगतोय तेवढं ऐक," स्वरूप म्हणाला, आणि फोन कानाला लावून निघून गेला.

भाविकने त्याचंही ऐकलं. पुढचे काही दिवस तो गप्प बसला. स्वरूपने सांगितलंय म्हणून गप्प आहे, असं म्हणायला आता सोय झाली होती. ती सोय त्याला स्वतःचीच किळस आणत होती.

मग एका सकाळी चहाच्या टपरीवर कळलं की जाणूचं बिऱ्हाड शहापूरकडच्या वीटभट्टीवर निघालं आहे. चार वर्षांत तो भट्टीवर गेला नव्हता. बोटीच्या नोकरीने त्याची ती वणवण थांबवली होती. भाविकने अर्धा कप चहा तसाच ठेवला.

वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. हंडे, गोधड्या, कोंबड्यांचा खुराडा चढवून झाला होता. जाणू टेम्पोच्या सावलीत डोकं धरून बसला होता. यमू गोणीचं तोंड शिवत होती.

"जाणू, थांब. नको जाऊस. आधी माझं ऐक," भाविक म्हणाला. "तुझी दारू नव्हती. महिपतनं पण काय घातलं नव्हतं. मी तुझ्या सिलिंडरमध्ये धूर भरला."

जाणूने मान वर केली. भाविक उभ्या उभ्या बोलत गेला. बोलताना त्याला वाटत होतं की मध्येच कुणीतरी अडवेल, शिवी देईल. कुणी अडवलं नाही. यमूची सुई गोणीत तशीच अडकून राहिली.

त्याचं बोलून झालं तेव्हा जाणूने पहिला प्रश्न विचारला तो हा: "मी तुला सांगितलं व्हतं ना? हवा कडू लागते म्हणून?"

"हो."

"सांगितलं व्हतं ना मी?"

"सांगितलं होतंस."

"मला वाटलं, ते बी मी मनानंच रचलं." जाणू टेम्पोला धरून उठला. "सगळी म्हणायची, पिऊन गेला. मी बी म्हणायचो. माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ खाल्ली मी, परत पिणार नाय म्हणून. आन् तू इथं माझ्या घरी येऊन, पोत्यावर बसून, औषध घेतो का म्हणून इचारून गेलास?"



यमू उठली. तिने भाविकच्या दंडाला धरलं, एखाद्या चोराला धरावं तसं. "चल. माझ्या भावाच्या दारात चल. तिथं बोल हे. वाडीला ऐकू जाईल असं बोल."

महिपतचं खोपट वाडीच्या पलीकडच्या टोकाला होतं. ती पुढे, मागे भाविक, त्याच्या मागे जाणू आणि टेम्पो सोडून आलेली माणसं. महिपत दारात बांबू सोलत बसला होता. बहिणीला बघून त्याने कोयता खाली ठेवला. भाविकने पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते सोपं गेलं नाही, कारण या वेळी ऐकणाऱ्यांत नवी नवरी झालेली महिपतची मुलगीही होती. माहेरी आली होती. दाराच्या आड उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नात जेवण उरलं ते तुझ्यापायी," महिपत म्हणाला. एवढंच. मग त्याने यमूकडे पाहिलं. "आन् तू? तुला तुझा भाऊ कळला नाय?"

यमू मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली. महिपत जागचा हलला नाही. पण मुलगी बाहेर आली आणि आत्याजवळ बसली.

टेम्पोवाला बोंबा मारत होता. यमूने सामान उतरवून घेतलं. भट्टीवर आम्ही येत नाही, असं तिनेच त्याला सांगितलं.

"आता काय करू मी?" भाविकने जाणूला विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"माझं डोकं अजून दुखतं," जाणू म्हणाला. "डॉक्टरला मी काय सांगू? मला तर काय माहीतच नव्हतं. तू चल आन् सांग, तुझ्या तोंडानं."

भाविकच्या मोटारसायकलवरून दोघं कल्याणला मोठ्या दवाखान्यात गेले. जाणूने भाविकचा खांदा धरला नाही. मागच्या कॅरिअरला धरून तो बसला. मुरबाड मागे पडल्यावर तो एकदाच बोलला.

"मला पाण्यातून वढत व्हतास, तवा तुला म्हाईत व्हतं?"

"हो," भाविक म्हणाला.

"तवाच?"

"तू कडू म्हणालास तेव्हाच."



दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भाविकचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मुखवटा काढल्याचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग जाणूला तपासलं, मेंदूचा फोटो काढायला लावला. अशा विषबाधेनंतर महिना महिना त्रास राहतो, म्हणाल्या. बहुतेक माणसं हळूहळू सुधारतात, पण सगळं पहिल्यासारखं होईल असं मी आज लिहून देऊ शकत नाही. पाण्याखाली जायचं नाव काढायचं नाही. आणि सुरुवातीलाच ऑक्सिजन दिला असता तर कदाचित इतकं झालं नसतं. हे शेवटचं त्या भाविककडे न बघता बोलल्या.

भाविक तिथूनच मुरबाडच्या पोलिस ठाण्यात गेला आणि जबाब देऊन आला. स्वरूपने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. चौकशी झाली, केंद्र काही महिने बंद राहिलं, मग दंड भरून पुन्हा सुरू झालं. भाविकवर निष्काळजीपणाचा खटला अजून चालू आहे; तारखेला तो मुरबाडच्या कोर्टात जातो. एरवी वैशाखऱ्याच्या शेतात राबतो आणि दुसऱ्याचा टेम्पो चालवतो.

जाणूच्या तोंडात शब्द हळूहळू परत आले. पाण्याखाली तो जात नाही. स्वरूपने त्याला धक्क्यावर कामाला घेतलं आहे. सिलिंडर भरायचं काम त्याच्याकडे आहे, आणि त्याने नाही म्हटलेला सिलिंडर कुणाच्याही पाठीवर चढत नाही. महिपत आणि यमू बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. सणाला ती त्याच्याकडे जाते आणि अंधार पडायच्या आत परत येते.

गेल्या मार्गशीर्षात मुरबाडच्या बाजारात भाविकला जाणू दिसला. सुक्या मासळीच्या रांगेत उभा होता. भाविकने थांबावं की पुढे जावं हे ठरवायच्या आत जाणूनेच त्याला पाहिलं. त्याने मान किंचित हलवली, ओळखीच्या माणसाला बघून हलवतात तशी. मग तो मासळीवालीकडे वळला आणि बोंबिलाचा भाव करायला लागला. भाविक थोडा वेळ तिथेच उभा राहिला. नंतर टेम्पोकडे गेला.